अनारसे हसू नयेत म्हणून

अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून विरघळतो, तो कढईत, पण चूक बहुतेक वेळा चार-पाच दिवस आधी पिठातच झालेली असते. म्हणून सगळं लक्ष पिठाकडे द्या.

अर्धा किलो जुना, चिकट नसलेला तांदूळ घ्या. नवा तांदूळ किंवा इंद्रायणी नको. धुऊन तीन दिवस भिजत ठेवा आणि रोज पाणी बदला, नाहीतर पिठाला उग्र वास राहतो. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरा. उन्हात अजिबात नाही. दाणा हाताला चिकटत नाही, पण आत दमट आहे, अशा वेळी मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळा. तांदूळ खडखडीत वाळला तर पीठ मळलं जात नाही आणि जाळीही पडत नाही.

हे दमट पीठ लगेच तोला. 500 ग्रॅम पिठाला 400 ते 450 ग्रॅम किसलेला साधा गूळ आणि दोन चमचे साजूक तूप. चिक्कीचा गूळ वापरू नका, अनारसे दगडासारखे होतात. पाण्याचा थेंबही न घालता मळा. सुरुवातीला गोळा कोरडा वाटेल, वाटू दे. गूळ सुटला की तो आपोआप सैल होतो. घट्ट गोळे करून डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या. मुरलेलं पीठ बरेच दिवस टिकतं, म्हणून अधिक मासात जावयाला 33 अनारसे द्यायचे असले तरी ऐनवेळी धावपळ होत नाही.

तळताना लिंबाएवढी गोळी खसखशीवर ठेवून बोटांनी पुरीएवढी थापा. खसखशीची बाजू वर ठेवून मध्यम आचेवरच्या तुपात सोडा. उलटायचा नाही; झाऱ्याने वरून तूप उडवत राहा, जाळी तिथेच उमलते. बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवा. गरम असताना तो मऊच लागतो, त्यामुळे आणखी तळायचा मोह आवरा.

पहिला एकच तळून पाहा. हसला तर गूळ जास्त झालाय किंवा तूप पुरेसं तापलेलं नाही. आधी आच थोडी वाढवून बघा. तरीही हसला तर थोडं तांदळाचं पीठ मिसळा. उलट जाळी न पडता कडक झाला, तर पिठात चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळा. मात्र केळं किंवा दूध घातलेलं पीठ त्याच दिवशी संपवा.