वह्या-बूट वाटायला निघालात? आधी या चुका टाळा

जून जवळ आला की मुंबईतल्या वस्त्यांमधल्या अभ्यासवर्गांच्या दारात पोती येऊन पडतात. देणाऱ्यांची कळकळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण पोतं सोडलं की वर शेरवानी, मधे एकाच पायाची सँडल आणि तळाशी २०१६ ची डायरी, पहिली चार पानं भरलेली. मग वर्ग घेणाऱ्या दोन ताई आणि एक दादा शनिवारची अख्खी दुपार ढीग निवडत बसतात आणि त्या दिवशीचा वर्ग बुडतो. दर वर्षी त्याच चुका, आणि बहुतेकींचं मूळ एकच: यादी मुलांसमोर बसून केलेली नसते, घरी सोफ्यावर बसून केलेली असते.

बुटांचे नंबर फोनवर घेणे

शर्ट एक माप मोठा आला तर बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

आपल्याकडे बुटांचे नंबर इंग्लंडच्या पद्धतीने चालतात. लहान मुलांचे नंबर वाढत वाढत १३ पर्यंत जातात आणि त्यानंतर १४ न येता पुन्हा १ येतो. म्हणजे २, ३, ४ हे नंबर दोनदा येतात: एकदा नुकत्याच चालायला लागलेल्या बाळांसाठी आणि एकदा आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. दोन नंबरांत साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. हिशेब करा, लहानांचा ४ आणि मोठ्यांचा ४ यांत चांगलं ११ सेंटिमीटरचं अंतर पडतं.

मानखुर्दकडच्या एका वर्गाची ही गोष्ट. चौथी-पाचवीच्या ३४ मुलांची यादी ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली: २ नंबर ९, ३ नंबर १४, ४ नंबर ११. बूट विकत घेऊन देणाऱ्यांनी ठक्करबाप्पा कॉलनीतल्या दुकानदाराला फोनवर नंबर वाचून दाखवले आणि वर सांगितलं, ‘लहान मुलांचे द्या, वेलक्रोचे.’ त्याने तंतोतंत लहान मुलांचे दिले. टेम्पोत जागा व्हावी म्हणून खोकी दुकानातच टाकली आणि जोड सुटेच पोत्यात भरले. शाळा सुरू व्हायला दोन दिवस असताना पोतं उघडलं, तर पाचवीतला मुलगा बूट तळहातावर उभा करून बघत राहिला. खोकी नाहीत म्हणून दुकानदार परत घेईना. डाव्याला उजवा शोधण्यात दोन दुपारी गेल्या आणि शेवटी सगळा माल एका पाळणाघराला दिला. पाचवीची मुलं पहिल्या दिवशी चपला घालून शाळेत गेली.

उपाय साधा आहे, पण त्यासाठी मुलांपर्यंत जावं लागतं. प्रत्येक मुलाला कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. पेन्सिल अगदी सरळ धरा, आत तिरकी गेली की माप चुकलंच. टाच ते सगळ्यात लांब बोट मोजा, दोन पायांपैकी मोठा धरा, त्यात १ सेंटिमीटर मिळवा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. यादीत नंबर लिहूच नका, सेंटिमीटर लिहा. दुकानात पट्टी घेऊन जा आणि बुटातला आतला तळ काढून मोजा. जोड नाडीने किंवा रबरबँडने बांधा, बाहेरच्या तळव्यावर मुलाचा यादीतला क्रमांक पेनाने लिहा, वाटप होईपर्यंत खोकी टाकू नका. चाळीस जोडांमागे मधल्या मापांचे तीन-चार जादा घेतलेले बरे.

‘मोठेच घेऊ, दोन वर्षं चालतील’ हे म्हणणारे दर वर्षी भेटतात. एका सेंटिमीटरहून जास्त मोकळा बूट टाचेतून निघतो, घासून फोड येतो आणि मूल तो दप्तरात टाकून अनवाणी चालतं. मग दोन वर्षं टिकतो खरा.

वह्या ‘डझनावारी’ घेणे

अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन ‘दोनशे वह्या द्या’ म्हटलं की दुकानदार सगळ्या एकरेघी देतो. पहिली-दुसरीला मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चौरेघी आणि गणिताला चौकटीची वही लागते. एकरेघीवर सहा वर्षांच्या मुलाचं अक्षर वरखाली पळतं, आणि बाई वही परत पाठवतात. कोणत्या इयत्तेला कोणत्या वह्या किती, हे शाळेच्या बाईंना विचारा. त्यांचं उत्तर कधीकधी तुमच्या बजेटला पटणार नाही, तरी तेच धरा. कागद पाहायचा तर बॉलपेनने नव्हे, जेलपेनने एक ओळ लिहा आणि पान उलटा. शाई मागे उमटली तर ती वही अर्धीच वापरात येते. खरेदी एप्रिल-मेमध्ये उरका, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या गल्लीत उभं राहायला जागा नसते.

महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना दप्तर देण्याआधी एवढं लक्षात घ्या की पालिका त्यांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते आणि त्यात दप्तर, वह्या, गणवेश, बूट येतात. काही वेळा वाटप लांबतं, ते वेगळं. पण दुसरं दप्तर देऊन फोटो काढण्यापेक्षा कमी फीच्या खाजगी शाळेतली आणि शाळेबाहेरची मुलं शोधा. त्यांना कोणीच काही देत नाही.

जुनी पाठ्यपुस्तकं

बालभारतीने २०२३-२४ मध्ये पुस्तकांना वहीची पानं जोडून ती चार भागांत काढली, २०२५-२६ पासून ती पानं वगळली. पहिलीचं पुस्तकही २०२५-२६ ला बदललं. त्यात पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. मुखपृष्ठ, माध्यम आणि आवृत्तीचं वर्ष न बघता आलेला पुस्तकांचा गठ्ठा म्हणजे रद्दीच, फक्त ती विकायचं काम तुम्ही दुसऱ्यावर ढकललेलं असतं. गोष्टीची पुस्तकं, शब्दकोश, नकाशे मात्र कितीही जुने असोत, पाठवा.

कागदपत्रं होईपर्यंत मूल घरी ठेवणे

ही चूक कार्यकर्त्यांची, आणि बुटांपेक्षा हिचा राग जास्त येतो. नवीन आलेलं कुटुंब, जन्मदाखला नाही, आधार नाही, जुन्या शाळेचा दाखला गावात. उत्साही कार्यकर्ता म्हणतो, आधी कागद करून घेऊ, मग शाळा. कागद व्हायला आठ महिने लागतात. तोवर मूल धाकट्या भावंडाला सांभाळायला लागलेलं असतं आणि आईला त्या मदतीची सवय झालेली असते. मग कागद हातात घेऊन गेलात तरी मूल येत नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे, फक्त तो वाचलेला हवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय हेही कारण चालत नाही (कलम ५). वर्षाच्या मध्यात आलं तरी प्रवेश द्यावा लागतो (कलम १५), आणि कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात बसवून वेगळं शिकवायचं असतं (कलम ४). जन्मदाखल्याऐवजी अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद, तीही नसेल तर पालकांचं लेखी निवेदन चालतं. आधार नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही.

तोंडी बोलून मात्र परतू नका. अर्ज लेखी द्या, दोन प्रती काढा, एका प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हुज्जत घालण्याने बाईंचा चेहरा पडतो, शिक्क्याने काम होतं. नकार मिळाला तर तीच प्रत घेऊन वॉर्डच्या शिक्षण विभागात जा.

आणि एक कायमची डोकेदुखी: नाव. प्रवेशाच्या दिवशी घाईत आईने सांगितलेलं नाव, मावशीने लिहिलेलं आडनाव आणि पुढे आधारवर आलेलं तिसरंच स्पेलिंग. त्या दिवशी कोणाला काही वाटत नाही, दहावीचा फॉर्म भरताना वाटतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद होताना शेजारी उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं वाचा. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते.

थोडक्यात आटपणाऱ्या गोष्टी

वापरलेले आतले कपडे आणि मोजे देऊ नका. कधीच नाही. फाटका-उसवलेला कपडा बोहारणीला द्या, तिला त्याचं मोल माहीत असतं.

गणवेश वयावर नव्हे, छातीच्या मापावर घ्या. वस्तीतली दहा वर्षांची मुलगी कपड्याच्या लेबलवरच्या दहा वर्षांएवढी नसते. खालची दुमड दोन इंच ठेवायला सांगा.

साठवलेल्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोत. काही बाळांच्या शरीरात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल रक्तपेशी त्या वासानेही फुटू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, आणि वाटण्याआधी कपडे धुऊन उन्हात टाका.

पावसाळ्यात गठ्ठे जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवले की ऑगस्टपर्यंत वह्यांना बुरशी. लाकडी फळी, खाली विटा, भिंतीपासून वीतभर अंतर.

देणगीवरची आयकराची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही, आणि रोख २,००० रुपयांच्या वरच्या रकमेलाही नाही. कपड्यांच्या पोत्याची पावती मागून संस्थेला अडचणीत आणू नका.

बालगृहातल्या मुलांचे चेहरे, नाव किंवा शाळा ओळखू येईल असा फोटो टाकणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वस्तीतल्या वर्गालाही हाच नियम लावा. पाठमोरा फोटो काढता येतो.

स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर दया येऊन घरी नेऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, किंवा पोलीस वा बाल कल्याण समितीला कळवा. कळवण्याची मुदत २४ तासांची आहे.

शिकवायला येणाऱ्यांची घाई

रविवारी येणारे स्वयंसेवक पहिल्याच दिवशी पाचवीच्या मुलाला पाचवीचं पुस्तक उघडून देतात आणि तिसऱ्या रविवारी ‘मुलांना रस नाही’ म्हणून गायब होतात. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ची साधी रीत बघा: मुलाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट क्रमाने वाचून घ्यायची आणि जिथे ते अडतं त्या गटात बसवायचं, इयत्ता कोणतीही असो. तपासणीला एका मुलामागे पाच मिनिटं पुरतात. पाचवीतली मुलं शब्दांवर अडलेली दिसली तर दचकू नका, तिथूनच सुरू करा. आणि सहा महिने दर आठवड्याला येणं जमणार नसेल तर वर्ग घेऊ नका, वह्यांना खाकी कव्हरं घाला. तेही काम लागतंच.

वाटपाचा दिवस ठरवताना शेवटची गोष्ट. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, पण बरीच कुटुंबं मे महिन्यात गावी गेलेली असतात आणि कोणी जुलै उजाडल्याशिवाय परतत नाही. पहिल्या आठवड्यातच सगळं वाटून मोकळं झालं की उशिरा आलेलं मूल वर्गात एकटंच जुन्या दप्तराने बसतं. चाळीस किटांतली पाच किटं उशिरा येणाऱ्यांची नावं घालून बाजूला ठेवा आणि गणपतीपर्यंत त्यांना हात लावू नका.