फॉरेन कीमुळे होणारा डेडलॉक कसा टाळाल?

गर्दी वाढली की मायएसक्यूएलवरचं अ‍ॅप मधूनच १२१३ क्रमांकाची एरर देऊ लागतं. म्हणजे डेडलॉक: दोन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचे गट) एकमेकांचा लॉक सुटायची वाट बघत अडकतात. कोड तपासावा तर सगळीकडे क्वेरींचा क्रम एकच, मग अडकतंय कुठे? अशा वेळी आधी फॉरेन कीकडे, म्हणजे एका (चाइल्ड) टेबलाची रो दुसऱ्या (पॅरेंट) टेबलाच्या रोशी बांधणाऱ्या नियमाकडे बघा.

लगेच ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ चालवा (इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) आणि शेवटच्या डेडलॉकची नोंद वाचा. दोन्ही ट्रान्झॅक्शन पॅरेंट टेबलाच्या एकाच रोवर ‘एस’ (शेअर्ड, अनेकांना एकाच वेळी मिळणारा) लॉक धरून ‘एक्स’ (एक्सक्लुझिव्ह, एकालाच मिळणारा) लॉकसाठी थांबली असतील, तर कारण सापडलं.

समजा, ऑर्डर क्रमांक ५०१ मध्ये दोघेजण एकाच वेळी वस्तू टाकतायत. कोड आधी वस्तूची रो इन्सर्ट करतो, मग ऑर्डरची एकूण रक्कम अपडेट करतो. इन्सर्ट होताना ऑर्डर खरंच आहे ना, हे इनोडीबी तपासतं आणि त्यासाठी ऑर्डरच्या, म्हणजे पॅरेंटच्या रोवर शेअर्ड लॉक घेतं. तो दोघांनाही मिळतो. पुढे अपडेटसाठी दोघांनाही एक्सक्लुझिव्ह लॉक हवा आणि दोघेही समोरच्याने शेअर्ड लॉक सोडायची वाट बघत बसतात.

उपाय क्रम उलटा करण्याचा. आधी ऑर्डर अपडेट करा, मग वस्तू इन्सर्ट करा. रक्कम नंतरच कळणार असेल, तर सुरुवातीलाच ऑर्डरची रो ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरा. दुसरा थोडा थांबेल, पण अडकणार नाही. एका ट्रान्झॅक्शनमध्ये अनेक ऑर्डर असतील, तर त्या आयडीच्या चढत्या क्रमानेच लॉक करा.

फॉरेन कीच काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका, पॅरेंट नसलेल्या रो साचल्या की त्या निस्तरणं फार महागात पडतं.

पोस्टग्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून फॉरेन कीची ही तपासणी सौम्य लॉकने होते, त्यामुळे की कॉलम न बदलणारं साधं अपडेट तिला आडवं येत नाही. तिथे रो आधी धरायची तर ‘फॉर नो की अपडेट’ वापरा. ओरॅकलमध्ये मात्र चाइल्ड टेबलाच्या फॉरेन की कॉलमवर इंडेक्स हवाच. तो नसेल तर पॅरेंट रो डिलीट करताना अख्खं चाइल्ड टेबल लॉक होतं.

एवढं करूनही एखादा डेडलॉक होईलच. इनोडीबी तेव्हा एक ट्रान्झॅक्शन पूर्ण रोलबॅक म्हणजे रद्द करतं, म्हणून फक्त शेवटची क्वेरी नाही, तर सगळं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवा.