लहान लेकराला दम्याचा पंप नीट कसा द्यावा

"ताई, घरी देता तसंच आता माझ्यासमोर देऊन दाखवा," डॉक्टर म्हणाले आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्कच्या मधलं पोकळ प्लास्टिकचं नळकांडं, माझ्या हातात दिला.

मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. दीड महिना सकाळ-संध्याकाळ पंप देत होते, एकही दिवस चुकवला नव्हता, तरी रात्रीचा खोकला हटत नव्हता. औषधच लागू पडत नाही, अशी माझी खात्री झाली होती. मी त्याला मांडीवर घेतलं, मास्क लावला आणि पंप दाबला. डॉक्टरांनी नाकाच्या बाजूला बोट दाखवलं. मास्कच्या कडेखाली माझी करंगळी सहज जाईल एवढी फट होती. दीड महिना औषध तिथूनच हवेत जात होतं.

त्याच आठवड्यापासून फट बंद झाली आणि पंधरा दिवसांत रात्री शांत जायला लागल्या. औषध तेच होतं, डोसही तोच. आज मुलगा सात वर्षांचा आहे. मधल्या काळात नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत आणि नात्यात कितीतरी आयांना मी हे करून दाखवलं आहे. इथे तेच सविस्तर लिहिते. औषध कोणतं आणि किती द्यायचं, हे तुमचे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. ते छातीपर्यंत पोचवणं मात्र आपल्या हातात असतं.

आधी दोन पंप वेगळे ओळखा

बहुतेक मुलांना दोन पंप दिलेले असतात. एक तात्पुरत्या आरामाचा. त्यात साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल असतं. श्वासनळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं. दुसरा रोजचा. त्यात ब्युडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टिरॉइड अगदी कमी मात्रेत असतं. ते नळ्यांच्या आतली सूज हळूहळू उतरवतं, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. धाप लागली असताना रोजचा पंप दाबून लगेच उपयोग होत नाही, आणि रोजचा बंद करून नुसत्या आरामाच्या पंपावर राहिलं तर सूज आत वाढतच जाते.

रंगावरून ओळखू नका. कंपनीप्रमाणे रंग बदलतात आणि मेडिकलवाला कधी दुसऱ्या कंपनीचा पंप देतो. आमच्या आजींना इंग्रजी लेबल वाचता येत नाही, म्हणून मी घरातल्याच टिकल्या लावल्या. आरामाच्या पंपाला मोठी लाल टिकली, रोजच्याला हिरवी. नवा पंप आणला की पहिलं काम टिकलीचं. रात्री दोन वाजता लेकरू धापा टाकत असतं तेव्हा बारीक अक्षरं कोणालाच वाचता येत नाहीत.

देण्याची पद्धत

चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लावलेला स्पेसरच लागतो. नुसता पंप तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात आपटतं. मूल थोडं मोठं झालं, ओठ घट्ट मिटून तोंडाने श्वास घ्यायला शिकलं, की मास्क काढून स्पेसरचं टोक थेट तोंडात धरून देता येतं. ते कधी करायचं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मास्क चेहऱ्याच्या मापाचाच घ्या: नाक आणि तोंड दोन्ही झाकलं गेलं पाहिजे, डोळ्यांवर आणि हनुवटीखाली जायला नको.

हात धुवा. लेकराला मांडीवर ताठ बसवा, पाठ तुमच्या छातीला टेकलेली. आडवं करून देऊ नका. पंपाचं झाकण काढा आणि तोंडाशी आत काही अडकलं आहे का ते बघा. पर्समध्ये सुटा पडलेल्या पंपात मला एकदा शेंगदाण्याचं टरफल सापडलं होतं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर सोबतच्या कागदावर लिहिले असतील तेवढे पफ (फवारे) आधी हवेत सोडा.

आता पंप चांगला हलवा, उभाच धरून स्पेसरच्या मागच्या टोकाला बसवा. मास्क चेहऱ्यावर टेकवा. आधी हनुवटीकडून, मग नाकाच्या दांडीवर, आणि शेवटी गालांच्या बाजूने बोट फिरवून फट राहिली नाही ना ते बघा. दाबायचं ते चिकटण्यापुरतंच, लेकरू घाबरेल इतकं नाही. मग डबी एकदाच दाबा. मास्क जागेवरच ठेवा आणि पाच-सहा श्वास मोजा. स्पेसरची झडप दिसत असेल तर प्रत्येक श्वासाला ती हलते. झडप हलत नसेल तर समजा, कुठेतरी फट आहे किंवा झडपच अडकली आहे. अगदी लहान बाळाचे श्वास मोजता येत नसतील तर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. आधी दाबून मग मास्क शोधत बसू नका, औषध काही सेकंदांतच स्पेसरच्या भिंतींवर बसायला लागतं.

दोन पफ लिहून दिले असतील तर ते एकापाठोपाठ एक स्पेसरमध्ये सोडू नका. दोन फवारे एकत्र आले की कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, आणि दोन दाबूनही छातीत कमीच जातं. एक पफ, पाच-सहा श्वास, अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दुसरा. घाईच्या सकाळी हाच अर्धा मिनिट सगळ्यांत आधी वगळला जातो, म्हणून मी पंप ब्रशच्या आधी ठेवला. पंप झाला की लगेच दात घासणं, चूळ भरणं. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी येऊ शकते. चूळ भरता न येणाऱ्या बाळाला पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या कपड्याने पुसा.

लेकरू रडलं तर

रडताना श्वास लांबलचक बाहेर जातो आणि आत येतो तो झटक्याने. असा श्वास औषध घशातच टाकतो, खोलवर नेत नाही. "रडतंय म्हणजे मोठा श्वास घेतंय, बरंच झालं," असं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. मीही ते खरं मानलं होतं. ते खरं नाही. मास्क चेहऱ्यापासून दूर धरून नुसता फवारा मारण्याचाही उपयोग होत नाही.

आमच्याकडे चाललं ते असं. दोन दिवस औषधाशिवायच मास्क खेळायला दिला. आधी त्याच्या लाकडी बैलाला, तान्ह्या पोळ्याच्या. बैलाच्या तोंडाला मास्क लावून तो स्वतः सहापर्यंत मोजायचा. मग बाबांना, मग आजीला, सगळ्यांत शेवटी स्वतःला. मोजणं त्याच्याकडेच राहिलं, त्यामुळे केव्हा संपणार हे त्याला माहीत असायचं. रोज तीच वेळ, तीच खुर्ची. पंपाला शिक्षेचं नाव कधी देऊ नका. "दंगा केलास तर पंप देईन" हे वाक्य मी एका लग्नघरात ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

आणि पाहुण्यांसमोर पंप लपवू नका. "सवय लागते" हे तुम्हाला दहा जण सांगतील. आरामाच्या किंवा रोजच्या, कोणत्याच पंपाचं व्यसन लागत नाही. आरामाचा पंप आठवड्यात वरचेवर लागत असेल तर त्याचा अर्थ आतली सूज आटोक्यात नाही, आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं. उंचीची भीती मात्र अगदीच निराधार नाही. श्वासातून दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांची उंची साधारण 1 सेंमीने कमी भरू शकते. आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो. म्हणून दर भेटीला उंची मोजून घ्या आणि लागेल तितक्या कमीत कमी डोसवर ठेवायला सांगा, पण लेकरू बरं दिसतंय म्हणून आपल्या मनाने रोजचा पंप बंद करू नका. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

पातळ औषध आणि पुड्या

उबळ मोठी असेल तर डॉक्टर काही दिवस प्रेडनिसोलोनचं सिरप देतात. इथे एका गोष्टीत फार सावध राहा. हे सिरप 5 मिलीत 5 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 15 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींचं मिळतं. चिठ्ठीवर पहिलं असेल आणि हातात दुसरं आलं, तर तेवढ्याच चमच्यात तिप्पट औषध पोटात जाईल. दुकानातच बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी जुळवा. मोजायला घरचा चमचा नको, सुई नसलेली सिरिंज घ्या. ठरलेले दिवस पूर्ण करा, आणि उरलेली बाटली पुढच्या उबळीला स्वतःहून उघडू नका.

मॉन्टेलुकास्टची पुडी किंवा गोळी सुरू केली असेल तर लेकराच्या वागण्याकडे लक्ष ठेवा. वाईट स्वप्नं, विनाकारण चिडणं, उदास बसून राहणं असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये या औषधावर याच कारणाने कडक इशारा छापायला लावला. घरातलं मोठ्यांचं खोकल्याचं औषध लहानाला कधीच देऊ नका.

आपला उन्हाळा, आपली धूळ

पंपाची डबी 30 अंशांखाली ठेवायची असते, आणि मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये पंप राहिला तर फवारा बिघडतो, डबी फुटूही शकते. आमचा पंप आतल्या खोलीतल्या कपाटात असतो. बाहेर जाताना तो सुती रुमालात गुंडाळून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत येतो.

मार्चअखेर कूलर बाहेर काढतो तेव्हा जुन्या गवताच्या ताट्या काढणं, टाकी घासणं हे सगळं लेकरू घरात नसताना करा. वर्षभर साठलेली धूळ आणि बुरशी पहिल्याच वाऱ्याबरोबर खोलीत येते. होळीचा धूर, दिवाळीचे फटाके आणि मारबतीचा दिवस (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक आणि त्यांचं दहन), या तिन्ही वेळी लाल टिकलीचा पंप सोबत असायलाच हवा. "खोकला घेऊन जा गे मारबत" असं आम्हीही गर्दीत ओरडतो, आणि पिशवीत स्पेसर असतो.

धाप लागली तर

पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: किती पफ, किती वेळाने, केव्हा निघायचं. तो कागद फ्रिजवर लावा. साधारणपणे आरामाच्या पंपाचे दोन पफ, एकेक करून, स्पेसरने दिले जातात. वीस मिनिटं थांबून गरज पडली तर पुन्हा, असं एकूण तीनदा. तुमच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. लेकराला ताठ बसवा, कपडे सैल करा, स्वतःचा आवाज खाली ठेवा.

पुढचं काही दिसलं तर वीस मिनिटंही थांबू नका: बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, दोन शब्द एकत्र बोलता येत नाहीत, बाळ दूध ओढू शकत नाही, ओठ निळसर पडतात, लेकरू गळून झोपेला येतं. छातीतली घरघर एकदम बंद झाली आणि लेकरू मात्र थकलेलंच आहे, तर तो आराम समजू नका. हवाच आत जात नसेल तर आवाजही येत नाही. 108 ला फोन करा किंवा सरळ निघा. नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो की मिहानचं एम्स, यांपैकी कोणतं सरकारी रुग्णालय, नाहीतर तुमच्या गावातलं कोणतं, तुमच्या घरून रात्री कुठे लवकर पोचता येतं हे आजच ठरवून ठेवा. पंप आणि स्पेसर वाटेत हातातच राहू द्या. आणि औषधाने बरं वाटूनही तो आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

स्पेसर धुणं आणि पफ मोजणं

स्पेसर सोबतच्या कागदावर सांगितल्याप्रमाणे, निदान महिन्यातून एकदा, सुटा करून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवून ठेवा. घासू नका. निथळून हवेत वाळू द्या. कपड्याने पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि पुढचा फवारा भिंतीलाच चिकटतो. मी रात्री धुऊन ताटाळ्यात टांगते.

डबी हलवून किंवा पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप नसेल तर हिशेब करा. 200 पफचा पंप, रोज सकाळी 2 आणि रात्री 2, म्हणजे 50 दिवस. सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख टिकलीशेजारी चिकटपट्टीवर लिहा. त्यानंतरही फवारा येतो, पण त्यात औषध पुरेसं असेलच असं नाही.

पुढच्या तपासणीला जाताना पंप आणि स्पेसर दोन्ही सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच म्हणा, "मी देऊन दाखवते, जरा बघा." आजी किंवा पाळणाघरातल्या ताई पंप देत असतील तर त्यांनाही एकदा सोबत न्या.