नखाच्या कर्करोगाचा संशय आल्यावर कोणती तपासणी, कधी आणि कशासाठी

नखाखाली होणाऱ्या कर्करोगांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा कर्करोग) आणि मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) हे दोन प्रमुख आहेत. पहिला बहुधा नखुरडे, चामखीळ किंवा बुरशी समजून महिनोन्‌महिने मलमांवर काढला जातो. दुसरा नखावरील काळ्या-तपकिरी पट्ट्याच्या रूपाने दिसतो आणि ठेच लागल्याचा डाग म्हणून सोडून दिला जातो. या दोन्हींचे निदान बायोप्सीनेच, म्हणजे संशयित भागाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते, कोणत्याही स्कॅनने नव्हे. मात्र तुकडा नेमका कुठून घ्यायचा आणि शस्त्रक्रिया किती खोलवर करायची हे ठरवताना इमेजिंगचा, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय अशा चित्रतपासण्यांचा खरा उपयोग होतो.

सुरुवात डर्मोस्कोपीने करावी. त्वचारोगतज्ज्ञ भिंगासारख्या लहान उपकरणाने पट्टा पाहतात. जाण्यापूर्वी नेलपॉलिश काढावे आणि नखांना मेंदी लावली असल्यास तसे आवर्जून सांगावे, कारण तो रंग नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते व मागे स्वच्छ नख दिसू लागते. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, पायाचे त्याहून बरेच सावकाश. सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर असे पट्टे असणे सहसा निरुपद्रवी असते. परंतु एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, पट्टा रुंदावत असेल, त्यातील रेषा असमान असतील किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरला असेल, तर बायोप्सी लांबणीवर टाकू नये.

नखाखाली गाठ, जखम किंवा सततचे दुखणे असल्यास एक्स-रे काढावा. त्यात बोट बाजूने दाखवणारे चित्र असलेच पाहिजे, कारण हाड झिजल्याचे त्यात चांगले दिसते. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नखाखालच्या हाडात शिरू शकतो, म्हणून ही स्वस्त तपासणी वगळू नये. अर्थात एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे हाड सुरक्षित आहे असेही धरून चालू नये.

सोनोग्राफीसाठी उच्च वारंवारतेचा, म्हणजे किमान 15 मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब लागतो, कारण पोटाच्या प्रोबने नखातले काही कळत नाही. तेव्हा नाव नोंदवतानाच तशी सोय आहे का हे विचारावे. गाठीची खोली, हाडाशी असलेले अंतर आणि डॉपलर या सोनोग्राफीच्याच पद्धतीने रक्तप्रवाह समजतो. वरच्या थरातच असलेला अगदी पातळ मेलॅनोमा मात्र यात दिसत नाही, हे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवावे.

गाठ मोठी असेल किंवा हाडाविषयी शंका असेल, तर एमआरआय करावा, आणि शक्य असल्यास बायोप्सीपूर्वी, कारण तुकडा घेतल्यानंतरची सूज चित्रात मिसळते आणि ट्यूमरची कड ओळखणे अवघड होते. लहान अवयवांसाठीची कॉइल (एमआरआयचे संकेत टिपणारे, त्या भागाजवळ बसवायचे साधन) वापरली जाईल याची खात्री करून घ्यावी. अंगठ्या आणि जोडवी आधीच काढावीत (घट्ट बसलेली जोडवी ऐन वेळी निघत नाहीत), आणि पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो कळवावा, कारण गॅडोलिनियमचे (चित्र अधिक स्पष्ट करणाऱ्या द्रव्याचे) इंजेक्शन द्यायचे की नाही हे मूत्रपिंडाच्या स्थितीवर अवलंबून असते. हाड शाबूत असल्यास केवळ नखाचा संपूर्ण भाग काढून त्वचारोपण करता येते आणि बोट वाचते; हाडात शिरकाव असल्यास बोटाचा शेंडा काढण्याचा विचार करावा लागतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी शल्यचिकित्सकाने केवळ रिपोर्ट न वाचता प्रत्यक्ष फिल्म पाहाव्यात, असा आग्रह धरावा.

मेलॅनोमाची जाडी बायोप्सीत 0.8 मिलिमीटर किंवा अधिक निघाली, अथवा त्यावर व्रण असेल, तर सेंटिनल लसिकाग्रंथीच्या (कर्करोग पसरू लागल्यास सर्वप्रथम जिथे पोहोचतो त्या ग्रंथीच्या) तपासणीविषयी विचारावे. यात गाठीच्या जागी टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाने युक्त द्रव्य टोचून ते प्रथम कोणत्या ग्रंथीत पोहोचते हे गॅमा कॅमेऱ्याने पाहतात. पायासाठी ती बहुधा जांघेत, तर हातासाठी काखेत असते. तीच ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. पेट-सीटी हा शरीरात पसरलेला कर्करोग शोधणारा स्कॅन महाग असून पातळ, सुरुवातीच्या मेलॅनोमात त्याने फारसे हाती लागत नाही. ग्रंथींत आजार आढळल्यास किंवा तो दूर पसरल्याची शंका असल्यासच तो करणे योग्य ठरते.