महागडा फोन घेण्याआधी त्याचे गुण-दोष कसे पारखावेत

लाखाच्या घरातला फोन घ्यायचा ठरला की जो तो आकडे सांगायला लागतो. इतके मेगापिक्सेल, इतकी रॅम, अमुक प्रोसेसर. या किमतीत हे आकडे सगळ्यांचेच भारी असतात, त्यावरून निवड होत नाही. व्हॉट्सॲप, यूपीआय, गाणी, रस्ता शोधणं ही कामं पंचवीस हजारांचा फोनही बिनतक्रार करतो. वरचे पाऊण लाख कशाचे, तेवढंच पारखायचं आहे, आणि ते दुकानाच्या लखलखाटात दिसत नाही.

पायरी १ : हातात धरा

मोठे फोन २२० ग्रॅमच्या आसपास भरतात; आयफोन १६ प्रो मॅक्स २२७ ग्रॅमचा आहे. कव्हर घालून, एका हाताने, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का बघा. नाही पोचला तर त्याचंच लहान मॉडेल घ्या.

पायरी २ : उन्हात पडदा वाचा

दारात या, पांढरं पान उघडा, वाचा. जाहिरातीतला दोन-अडीच हजार निट्सचा (पडद्याच्या उजळपणाच्या मापाचा) आकडा पडद्याच्या छोट्याशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. काचेत आपलाच चेहरा किती दिसतो ते जास्त महत्त्वाचं. सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्राला प्रतिबिंब कमी करणारी काच आली, आणि उन्हात तिचा फायदा डोळ्यांना लगेच कळतो.

पायरी ३ : कॅमेरा, आणि तोही अंधारात

इथे घाई करू नका. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात डेमो फोनने काढलेला फोटो बघून निर्णय घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, तो फोटो काहीही सिद्ध करत नाही. तेवढ्या उजेडात कुठलाही फोन देखणा फोटो काढतो. ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे असा मित्र, मेव्हणा, ऑफिसातला कोणी गाठा आणि एका संध्याकाळी त्याला घेऊन रंकाळा तलावावर जा. तुमचा सध्याचा फोनही बरोबर ठेवा.

दिवेलागणीनंतर चौपाटीवर पळणाऱ्या घरच्याच पोराचा फोटो काढा. कमी उजेडात फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या जोडून एक चित्र करतो. स्थिर वस्तू त्यात सुरेख येते, हलणारी माणसं मात्र फराटल्यासारखी होतात. तलावाचं पाणी, दिवे यांचे फोटो सगळेच फोन छान काढतात. पोराचा चेहरा स्पष्ट आला का, एवढंच बघा. कुस्तीचा नाद असेल तर ओळखीच्या तालमीत वस्तादांना विचारून हीच परीक्षा घ्या. डाव पडतो तो क्षण सापडला, की बटण दाबेपर्यंत पैलवान उठून उभा राहिला?

आता झूम. ही परीक्षा मला बरेच दिवस जमत नव्हती, कारण फोन न सांगता लेन्स बदलतो. पडद्यावर ५ एक्स, म्हणजे पाचपट, लिहिलेलं असतं, पण उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली तर तो झूमची लेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. तलावाकाठच्या शालिनी पॅलेसवर झूम करा आणि मागे झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र झाकलं गेलं तर लेन्स खरंच काम करतेय. चित्र तसंच राहिलं तर ज्या लेन्ससाठी जादा पैसे मोजताय ती त्या वेळी बंदच आहे. दुपारीही हेच करा आणि फरक बघा.

तिसरी परीक्षा रंगाची. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने माखलेल्या माणसांचे फोटो बघा. कित्येक फोनमध्ये त्या गुलाबी रंगाचा सपाट डाग होतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात. यात्रेची वाट बघायला नको. ताटलीत गुलाल घ्या, उन्हात ठेवा, फोटो काढा. गुलालाचा पोत दिसलाच पाहिजे.

आणि एक कराच. दोन्ही फोनचे फोटो एकाच पडद्यावर, शक्यतो कॉम्प्युटरवर, शेजारी ठेवून बघा. प्रत्येक फोनचा पडदा आपलाच फोटो खुलवून दाखवतो. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, त्यात बारकावे दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी ४ : तापवून बघा

भर दुपारी दहा मिनिटं फोर-केमध्ये चित्रीकरण करा. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा त्यापुढे जातो. पडदा आपोआप मंद झाला किंवा चित्रीकरण थांबलं तर लग्नसराईत काय होईल ते समजून घ्या.

पायरी ५ : पुढच्या वर्षांचा हिशेब

गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने आणि पिक्सेल ८ पासून गूगलने सात वर्षं सॉफ्टवेअर अपडेटचं वचन दिलंय. जे मॉडेल घेताय त्याला किती वर्षं, ते विचारा. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत, तेवढ्या वेळापुरतं पाणी चालतं, तेही साधं पाणी. रबराची सीलं काळाने सैल होतात, आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून पंचगंगेत फोन घेऊन उतरू नका. गुलाल लागला तर चार्जिंगचं भोक आणि स्पीकरची जाळी मऊ ब्रशने साफ करा, फुंकर मारू नका.

पडदा फुटला तर बदलायला किती रुपये आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवावा लागतो, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधीच विचारा.

पायरी ६ : बिल

१८ टक्के जीएसटीचं पक्कं बिलच घ्या. काउंटरवरच *#०६# दाबा आणि आलेला आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलाशी आणि खोक्याशी जुळवून घ्या.