डबा बंद केला तरी पाणी आत येतं: एन्क्लोजर बनवायला शिकताना माझं काय चुकलं

बोर्ड चालू झाला, कोड झाला, आता फक्त त्याला एक डबा (एन्क्लोजर) बनवायचा राहिलाय असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी लिहितेय. मलाही असंच वाटलेलं. त्या डब्याने माझा एक अख्खा पावसाळा खाल्ला, आणि अजूनही जुलै आला की पोटात गोळा येतो.

निफाडला मामाची द्राक्षबाग आहे. तिथे आणि शेजारच्या दोन-तीन बागांत मिळून मी मातीची ओल मोजून मोटर चालू-बंद करणारे ११ युनिट लावले, आत ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि पॉवर सप्लाय. डबे मात्र मी विकतचेच घेतले, आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेले, झाकणाला रबरी गॅस्केट म्हणजे सील असलेले. मे महिन्यात सगळं मस्त चाललं. जुलैच्या मधे मामाचा फोन, "अगं, तीन नंबरचं बंद पडलंय." मग पाच, मग नऊ. जाऊन उघडलं तर तळाला चमचाभर पाणी आणि रिलेचे पाय हिरवे.

मी काय केलं, तर सिलिकॉनची ट्यूब आणली आणि झाकण, ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट करायची नटवाली बूच), स्क्रूची भोकं, जिथे फट दिसेल तिथे भरलं. हीच माझी सगळ्यात मोठी चूक, आणि हे सगळेच करतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुपारी उन्हात डबा ६० अंशांपर्यंत तापतो. आतली हवा फुगते आणि थोडी थोडी बाहेर निघून जाते, कधी गॅस्केटमधून, कधी ग्लँडमधून, कधी केबलच्या आतल्या तारांच्या मधून. मग सर येते आणि डबा दहा मिनिटांत २५ अंशांवर येतो. आत उरलेली हवा आकसते, दाब साधारण १० टक्के कमी होतो. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वातावरणाच्या दाबाचे १० टक्के म्हणजे जवळजवळ एक मीटर पाण्याचा दाब! म्हणजे झाकणाच्या कडेला जे पाणी साचलंय ते डबा अक्षरशः ओढून घेतो. एका सरीत दोन थेंब येत असतील, पण असं रोज होतं, आणि आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही कारण मी सगळं सिलिकॉनने बुजवलेलं. त्यात ते सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं होतं. ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं. बंद डब्यात बोर्डाशेजारी ते कधीच वापरू नका, न्यूट्रल क्युअर (असं अॅसिड न सोडणारं) लिहिलेलं मागा.

मग आयपी६५ खोटं का? नाही, खोटं नाही. धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी त्रास होणार नाही एवढंच ते सांगतं. त्या टेस्टमध्ये पाणी आणि डबा यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. आपल्याकडे तापलेल्या डब्यावर थेट पाऊस पडतो. आणि आतल्या आत हवेतली वाफ थंड होऊन पाणी जमतं, ते तर त्या आकड्यात धरलेलंच नाही.

उपाय सोपा निघाला, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. ब्रीदर व्हेंट नावाचा छोटा प्लग मिळतो, त्यात हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. तो बाजूला किंवा खाली लावायचा, वर कधीच नाही. ग्लँड सगळे खालच्या बाजूला, केबलला ग्लँडच्या खाली एक वळसा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. केबल गोल घ्या, चपट्या केबलवर ग्लँड धरत नाही. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर), आणि डबा पांढरा किंवा फिकट रंगाचा. सिलिका जेलच्या पुड्यांवर विसंबू नका, डबा श्वास घेत असेल तर त्या काही दिवसांतच भरून जातात.

आता मटेरियल. यावर लोक तासन्‌तास भांडतात पण मला वाटतं आधी दोनच प्रश्न विचारा: डबा कुठे बसणार आणि किती नग पाहिजेत. घरात टेबलावर ठेवायचा असेल तर पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करा, खुशाल. उन्हात, गाडीत नको, ५५-६० अंशांना ते मऊ पडतं. पीईटीजी प्लास्टिक साधारण ७० पर्यंत टिकतं, बाहेर कायमचं ठेवायचं असेल तर एएसए प्लास्टिक, त्याला ऊनही बाधत नाही. झाकणाचे स्क्रू सारखे उघडायचे असतील तर प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडू नका, एम३चे (३ एमएम स्क्रूचे) पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या नळ्या, सोल्डरिंग आयर्नने गरम करून बसवा.

लेझर कटिंगला अॅक्रिलिक छान, पण ३ एमएमची शीट मोजली तर २.७ पण निघते, त्यामुळे व्हर्नियर लावून जाडी मोजल्याशिवाय खाचा काढू नका. कापलेल्या कडा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसू नका, बारीक तडे जातात. आणि सनबोर्ड (फोमचं पीव्हीसी) किंवा कुठलंही पीव्हीसी लेझरखाली घालू नका म्हणजे नाहीच, क्लोरिनचा विषारी धूर होतो, मशीन जातं आणि माणसाच्या फुफ्फुसांचंही नुकसान होतं.

पत्र्याचे डबे बनवायला मी भोसरीतल्या एका शेडमध्ये शिकले. तिथले काका ड्रॉइंग बघून म्हणाले, "ताई, अर्थिंगच्या स्टडला (तार जोडायच्या बोल्टला) पावडर कोटिंगच्या आधी टेप लावा, नाहीतर रंगावर अर्थिंग लागतच नाही." थ्री फेज मोटरच्या डब्यात हे चुकलं तर जिवावर बेततं. हे मला कुठल्याही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, व्हिडिओवाला गुरू शंभर वेळा बघण्यापेक्षा बेंडिंग मशीनशेजारी दोन दुपारी उभं राहा. चहा घेऊन जा, माणसं भरभरून शिकवतात. आणि हो, पत्र्याच्या बंद डब्यात वायफाय मरतं, अँटेना बाहेर काढावीच लागते.

पहिल्या २०-३० नगांसाठी स्वतः डबा डिझाइन करूच नका असं मी सांगेन. तयार एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा घ्या, स्टेप ड्रिलने भोकं पाडा, कानस मारा. तो कमीपणा नाही. इंजेक्शन मोल्ड (प्लास्टिक ओतून डबे काढायचा साचा) लाखांत जातो, तो विचार हजारो नगांना.

घाबरू नका, माझे ११च्या ११ डबे शेवटी नीट झाले. आता मी कुठलाही डबा शेतावर न्यायच्या आधी गच्चीवर एक गोष्ट करते. आत बोर्डाऐवजी घडी घातलेला टिश्यू पेपर, केबल लावून ग्लँड घट्ट, आणि दुपारभर उन्हात. चांगला तापला की बादलीभर गार पाणी वरून. असं तीन दिवस, मग उघडायचा. टिश्यू ओला निघाला तर आधी ग्लँडचा नट बघा, माझी पहिली गळती तिथेच सापडली होती.