एसयू, सुडो आणि रूट: लिनक्स अॅडमिनच्या पहिल्या नोकरीआधी

इंदूरमध्ये भंवरकुआँच्या क्लासमध्ये लिनक्स शिकून सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत अर्ज टाकणाऱ्यांनी एका प्रश्नाची तयारी पक्की ठेवावी: एसयू (su) आणि सुडो (sudo) या कमांडींत फरक काय? ‘दोन्हींनी रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, होता येतं’ एवढ्यावर भागत नाही. पासवर्ड कोणाचा लागतो, तिथून सुरुवात करा. एसयूला ज्याच्या खात्यात शिरायचं त्याचा पासवर्ड हवा. सुडो साधारणपणे तुमचाच पासवर्ड मागतो आणि तुम्हाला काय करायची मुभा आहे ते सुडोअर्स फाइलमध्ये बघतो. टीममध्ये सुडोच बरा. रूटचा पासवर्ड चारचौघांना सांगावा लागत नाही, कमांड कोणी चालवली त्याची लॉगमध्ये नोंद राहते, आणि कोणी नोकरी सोडली तर त्याचा तेवढा हक्क काढता येतो. मात्र सुडो हायफन आय करून रूटच्या शेलमध्ये (कमांडी घेऊन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बसलात, तर आतल्या एकेका कमांडची अशी नोंद आपोआप होत नाही.

उबंटूत रूटचं खातं मुळातच लॉक असतं, म्हणून तिथे नुसतं एसयू चालत नाही. डेबियनचं उलट: इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिलात, तर पहिल्या युजरला सुडोचा हक्क मिळत नाही. मग एसयू, स्पेस, हायफन असं लिहून रूट व्हायचं. हायफन गाळला तर डेबियन 10 पासून जुन्या युजरचाच पाथ (कमांडी शोधायच्या फोल्डरांची यादी) राहतो आणि युजरचे ग्रुप बदलणाऱ्या यूजरमॉडला (usermod) ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. कमांड जागेवरच असते, पण तिचं एसबिन फोल्डर पाथमध्ये नसतं.

यूजरमॉडमध्ये सगळ्यांत जास्त घात होतो. युजरला ग्रुपमध्ये घालताना स्मॉल ए आणि कॅपिटल जी हे दोन्ही पर्याय हवेत. ए विसरलात तर युजर त्या नव्या ग्रुपात जातो आणि बाकीच्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो. स्वतःला डॉकर ग्रुपात घालायला जावं आणि सुडो ग्रुप हातचा जावा, असं यातूनच होतं. सुडोचा हक्क देणाऱ्या ग्रुपचं नाव उबंटू-डेबियनमध्ये सुडो, फेडोरा-रॉकीमध्ये व्हील. बदल लागू व्हायला लॉगआउट करून परत लॉगिन करा आणि आयडी कमांडनं खात्री करून घ्या.

सुडोअर्स फाइल साध्या एडिटरनं कधीच उघडू नका. व्हीसुडो वापरा, तो सेव्ह करताना व्याकरण तपासतो. तरीही दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट शेल उघडी ठेवा आणि नवा नियम तिसऱ्या टर्मिनलमध्ये चालवून पाहिल्याशिवाय ती बंद करू नका. नियम व्याकरणानं बरोबर असूनही तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो.

नवख्यांना हमखास अडवणारी आणखी एक गोष्ट. सुडो एको (echo, मजकूर छापणारी कमांड) लिहून पुढे ‘मोठे’ (>) चिन्हानं एटसीमधल्या (/etc, सेटिंग्जचं फोल्डर) फाइलमध्ये मजकूर ढकलला, की ‘परमिशन डिनाइड’ येतं. एको रूट म्हणून चालतो, पण फाइल उघडायचं काम तुमची शेल करते, आणि ती साध्या युजरचीच असते. एकोचं आउटपुट पाइपनं (|) सुडो टीकडे द्या; टी (tee) ही आलेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी कमांड. जुना मजकूर ठेवायचा असेल तर टीला हायफन ए जोडा, नाहीतर फाइल पुसून नव्यानं लिहिली जाईल.

सरावाला व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन टाका आणि प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट घ्या. नोकरीत नवा सर्व्हर हाती आला, की आधी सुडो हायफन स्मॉल एल चालवा. तिथे तुम्हाला कोणत्या कमांडींची मुभा आहे ते दिसेल.